मिलचे दात

ती दोन बोटांच्या चिमटीत धानाचा एक दाणा उचलायची, नखाने त्याचं टरफल काढायची, दाणा डाव्या बाजूच्या मागच्या दाढेखाली ठेवायची आणि डोळे मिटायची. मग "कट्" असा आवाज यायचा, किंवा यायचा नाही. आला तर ती डोळे उघडून म्हणायची, "सुकला. भरा." नाही आला तर म्हणायची, "अजून ओला आहे. पाय फिरवा." एवढ्या दोन बोलांवर तिने गोंदियातल्या एका राइस मिलची फरशी सोळा वर्षं चालवली. आमच्या मोहल्ल्यातले लोक तिला मुकादमीण म्हणत. नाव होतं तिला, पण ते वापरायची हिंमत कोणी केली नाही, आणि आता मी साठीला टेकल्यावर करावी असं मलाही वाटत नाही.

ज्यांचा भाताशी संबंध फक्त ताटात आला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. उसना तांदूळ करायचा तर धान आधी हौदात भिजवतात, मग वाफवतात, आणि मग सिमेंटच्या मोठ्या फरशीवर उन्हात पसरतात. ते सारखं हलवावं लागतं. आमच्याकडे हे काम बायका पायांनी करायच्या. चौदा बायका एका ओळीत उभ्या राहायच्या आणि पाय न उचलता, फरशीला घासत, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या. सर्र, सर्र. मागे धानात रेघा उमटायच्या. धान कमी सुकलं तर पोत्यांच्या थप्पीत गरम होऊन आंबतं. जास्त सुकलं तर मशीनमध्ये त्याची कणी होते. या दोहोंच्या मधली जी वेळ आहे ती घड्याळात दिसत नाही. ती मुकादमीणबाईच्या दाढेला कळायची.

माझी आई त्या चौदांपैकी एक होती. फरशीच्या भिंतीला लागूनच आमचा मोहल्ला होता, त्यामुळे आमच्या केसांत, अंथरुणात आणि वरणात कोंडा असायचा. मिलच्या ऑफिसच्या काचांवर एकाहत्तरच्या लढाईत ब्लॅकआउटसाठी चिकटवलेले काळे कागद तसेच होते. लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती, पण कागद काढा असं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून शेठ भर दुपारी दिवा लावून बसायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ऑफिस म्हणजे अंधारी जागा असते असंच मी बरीच वर्षं समजत होते, आणि पुढे सरकारी नोकरीत लागल्यावर ते फारसं चुकीचं निघालं नाही.

त्या रस्त्यावरच्या सगळ्या मिलांत मुकादम पुरुष होते. ही एकटीच बाई. नवेगाव बांधकडच्या एका गावातून ती नवरा वारल्यावर आली आणि डोक्यावर टोपली घेऊन रेजा, म्हणजे ओझी वाहणारी मजूर म्हणून लागली. तेव्हाच्या मुकादमाच्या तोंडात सतत तंबाखू असायचा. एकदा त्याने "सुकला" म्हटलं आणि ही टोपलीखालून म्हणाली, "ओला आहे." रेजाने असं बोलायचं नसतं. शेठने त्या ढिगातली दोन पोती बाजूला ठेवायला लावली आणि तीन दिवसांनी उघडली. चौथ्या दिवशी मुकादमाची खोली हिला मिळाली. फरशीच्या कोपऱ्यात, कौलारू, एक खिडकी. गावी भाऊ होता, भावजय होती. "भावजयीनं वाढलेलं खाण्यापेक्षा मी इथंच फरशीवर मरीन," असं ती म्हणायची, आणि ते गमतीने म्हणत नव्हती. ती खोली आणि ती फरशी, या दोन गोष्टी सोडल्या तर जगात तिचं म्हणावं असं काही नव्हतं.

म्हणून दातांची ती फार काळजी घ्यायची. सकाळी कडुलिंबाची काडी, संध्याकाळी बाभळीची. साखर नाही, गूळ नाही, सुपारी नाही, ऊस नाही. तुळशीच्या लग्नाला आम्ही पोट्टेपोट्टी ऊस सोलत बसलो की ती दुरून बघायची आणि तोंड फिरवायची. चहा कधी गरम प्यायली नाही. कपावर चांगली जाड साय धरेपर्यंत थांबायची, मग साय बाजूला करून थंड चहा औषधासारखा घशात ओतायची. माझ्या आईने एकदा म्हटलं, बाई, एखादा घोट गरम घेतला तर काय होते? त्यावर तिने उत्तर दिलं, "दात माझे नाहीत, मिलचे आहेत."

हे ती वरचेवर म्हणायची. कोणी प्रसाद म्हणून पेढा दिला तरी हेच.

मोहल्ल्यातलं वाळवणही तिच्या दाढेखालून गेल्याशिवाय डब्यात जात नव्हतं. पापड, कुरड्या, मोहफुलं, मिरच्या. मिरचीच्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण निकाल बरोबर असायचा. हळूहळू लोक इतरही गोष्टींना तिला बोलावू लागले. शेजारच्या मुलीला पाहायला एकदा मुलगा आला. तीस वर्षांचा, रेल्वेत नोकरीला, केसांना तेल लावलेलं. मुकादमीणबाई दाराशी बसून पूर्ण वेळ त्याच्याकडे बघत होती. पोहे झाले, चहा झाला, पाहुणे उठले. ती म्हणाली, "अजून ओला आहे." सोयरीक मोडली. त्या मुलाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. कुठेतरी चांगला सुकलाही असेल.

फरशीवर चप्पल घालून यायची कोणाला परवानगी नव्हती. शेठही काठावर जोडे काढायचे. एकदा कुठल्याशा खात्याचे साहेब तपासणीला आले आणि बूट घालून सरळ धानात शिरायला निघाले. हिने आडवा हात धरला. साहेबांनी आपण कोण आहोत ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या बुटांकडे बघत उभी राहिली. शेवटी त्यांनी बूट काढले. त्यांच्या एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. चौदा बायका आणि आम्ही भिंतीवर बसलेली दहा-बारा पोरं तो अंगठा बघत होतो. तपासणी लवकर संपली.

मला तिची भीती वाटायची आणि ती मला फार आवडायची. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला तिच्यामुळेच कळलं.

मग एका हिवाळ्यात तिचा डावा गाल सुजला. गांधीलमाशी चावली, असं तिने सांगितलं. आम्ही विश्वास ठेवला. महिन्याभराने गांधीलमाशी पुन्हा त्याच जागी चावली. त्यानंतर ती दर महिन्या-दीड महिन्याला येऊन डाव्या गालालाच चावायला लागली, तेव्हा मोहल्ल्याने त्या माशीबद्दल विचारणं बंद केलं. मुकादमीणबाई दाणा उजव्या दाढेखाली ठेवायला लागली. काही महिन्यांनी माशी उजव्या बाजूला आली.

माझे दुधाचे दात पडायचे दिवस होते. पडलेला दात कौलावर फेकायचा, म्हणजे नवा लवकर येतो. आमचं छप्पर पत्र्याचं होतं, म्हणून मी माझा दात घेऊन तिच्या खोलीकडे गेले. मी हात उगारला आणि ती दारात आली.

"काऊन व पोट्टी, काय फेकून राहिली?"

मी मूठ उघडून दात दाखवला आणि तोंडातली खिंडही दाखवली. ती हसली. ती फार कमी हसायची, आणि का ते मला त्या क्षणी समजलं. आत दोन्ही बाजूंना काही नव्हतं. पुढचे चार-पाच दात तेवढे दरवाजासारखे उभे होते.

मला फार आनंद झाला. माझ्यासारखंच मोठ्या माणसाचंही होतं म्हणजे. मी विचारलं, "बाई, तुमचे पण पडले? कौलावर फेकले का?"

तिचं हसणं मिटलं. आत जाऊन ती एक छोटी पत्र्याची डबी घेऊन आली आणि माझ्यासमोर हलवली. खडखड आवाज आला. "माझे फेकाचे नाहीत," ती म्हणाली. "मिलचे आहेत." मग माझा दात माझ्या मुठीतून घेऊन तिनेच कौलावर टाकला.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं आई चकित होईल. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "तू काही पाह्यली नाही. समजली?" मी म्हटलं, पण मी पाहिलं ना. "नाही पाह्यली," आई म्हणाली. तेव्हा मला कळलं की तिला माहीत होतं. पुढे कळलं की चौदाही जणींना माहीत होतं.

प्रश्न असा होता की दाढा नसताना ती सुकलेलं आणि ओलं कसं सांगत होती. आणि ती बरोबर सांगत होती. मी भिंतीवर बसून बघायचे. मुकादमीणबाई दाणा तोंडात घालून डोळे मिटायची. ओळीत तिच्या सर्वांत जवळ माझी आई उभी असायची. आईने आधीच एक दाणा आपल्या दाढेखाली चावून बघितलेला असायचा. दाणा ओला असला की आई एक पाय थोडासा पुढे घासायची. सर्र. बस, एवढंच. मुकादमीणबाई डोळे न उघडता म्हणायची, "अजून ओला आहे. पाय फिरवा." आईचा पाय हलला नाही तर ती म्हणायची, "सुकला. भरा."

हे कोणी ठरवलं नव्हतं. त्यांच्यात याबद्दल एक शब्दही झाला नव्हता. इतकी वर्षं तिच्या तोंडावर या बायकांचे पाय चालले. आता त्यांच्या पायांवर तिचं तोंड चालत होतं. दोन हंगाम असे गेले. शेठला पत्ता नव्हता. थप्पी एकदाही गरम झाली नाही.

हे असंच चालू राहिलं असतं. पण तिला ते खुपत असणार. दुसऱ्याच्या दातांनी मुकादमी करायची म्हणजे शेवटी काय, भावजयीनं वाढलेलंच खाणं झालं. एका सुट्टीच्या दिवशी ती पातळ बदलून, कोणाला काही न सांगता स्टेशनकडे गेली. तिथे बाहेर पेटी मांडून एक दातवाला बसायचा. त्याने तिचे उरलेले पुढचे दातही काढले. दुसऱ्या सुट्टीला पुन्हा गेली. आणि सोमवारी फरशीवर आली तेव्हा तिचे गाल भरलेले होते. कवळी चांगली पांढरीशुभ्र होती, हिरड्या गुलाबी. ती दहा वर्षांनी लहान आणि जराशी अनोळखी दिसत होती.

तिने दाणा उचलला, टरफल काढलं, डाव्या दाढेखाली ठेवला आणि डोळे मिटले. "कट्." पूर्वीपेक्षा मोठा आवाज आला. भिंतीवर आम्हाला सुद्धा स्पष्ट ऐकू आला.

आईने त्या दिवशी दाणा तोंडात घातलाच नव्हता. बाईचे दात परत आले, आता आपण कशाला मधे मधे करायचं, तिचा अपमान होईल, असं तिला वाटलं. आईने पाय हलवला नाही. मुकादमीणबाईने क्षणभर वाट पाहिली. पाय वाजला नाही. "सुकला," ती म्हणाली. "भरा."

कवळीला ओलं आणि सुकलेलं सारखंच. ती दोन्हींवर कट् करते. आणि आई आपली बाईचा मान राखून गप्प उभी. दोघी एकमेकींच्या भरवशावर राहिल्या आणि बायकांनी ओलं धान भरलं. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. तिसऱ्या दिवशी गोदामातल्या माणसाने थप्पीत हात घातला आणि चटकन मागे घेतला. आत धान तापलं होतं. आंबूस वास आमच्या घरापर्यंत येत होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण आईने इतक्या वेळा सांगितलं आहे की पाहिल्यासारखंच आहे. शेठने मुकादमीणबाईला ऑफिसात बोलावलं. तिच्या मागे न बोलावलेल्या चौदाजणी गेल्या. काळ्या कागदांमुळे आत अंधार, टेबलावर दिवा. शेठने विचारलं, "सूखा है, किसने बोला?"

आई पुढे झाली आणि म्हणाली, "मी." लगेच तिच्या मागची म्हणाली की मी बोलले. मग तिसरी. थोड्या वेळात सात-आठ जणींनी कबुली दिली. त्यात एक बाई त्या तीन दिवसांत कामावरच आली नव्हती. शेठ एकेकीकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले की जिने सांगितलं तिने उद्यापासून यायचं नाही, आणि आईकडे बोट दाखवलं, कारण पहिली तीच बोलली होती. माझे वडील तेव्हा आजारी होते आणि घरात कमावणारी आई एकटी होती. खोलीत सगळ्यांना ते माहीत होतं.

मुकादमीणबाईने तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, मग खालची काढली, आणि दोन्ही दिव्याखाली टेबलावर ठेवल्या. गाल एकदम आत गेले. कवळीकडे बोट दाखवत ती बोलली ते बोबडं होतं, पण आईला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

"यायनं सांगितलं, शेठ. माझे पहिले दात मिलचे होते. ते कधी खोटं नाही बोलले. हे माझे आहेत."

शेठने कवळीवरची नजर काढून बाईकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "रहने दो बाई, झाड़ू का काम देख लेना." तिने मान हलवली. झाडणारीला मुकादमाची खोली नसते, एवढं तिने सांगितलं. मग शेठने विचारलं की कल से कौन देखेगा. तिने आईची हनुवटी धरली, दिव्याकडे वळवली आणि म्हणाली, "हिचं तोंड पाहा." आई सांगते, इतकी लाज तिला लग्नात वाटली नव्हती. पण शेठने पाहिलं. बत्तीसच्या बत्तीस होते. दुसऱ्या दिवसापासून फरशी आईकडे आली.

कमरेची किल्ली, पितळी बिल्ला आणि ती पत्र्याची डबी तिने टेबलावर ठेवली. मिलचा माल, म्हणाली. शेठने डबी उघडली आणि लगेच बंद केली. कवळी मात्र तिने उचलून पदरात बांधली.

ती मिल आता नाही. फरशी आहे, तिथे लग्नाचं लॉन झालं आहे. मागच्या वर्षी एका लग्नाला गेले आणि काठावर चप्पल काढून अनवाणी आत शिरले. सुनेला वाटलं मला काही तरी होतंय. मी तिला सांगत बसले नाही. मुकादमीणबाई त्यानंतर गोंदियात कधी आली नाही. ती गेल्याचंही आम्हाला फार उशिरा, नवेगावहून मासे विकायला आलेल्या एका माणसाकडून कळलं. आईने त्या दिवशी चूल पेटवली नाही.

पण मला ती आठवते ती एसटी स्टँडवर. कोहमाऱ्यावरून नवेगावला जाणारी गाडी लागायची होती. आम्ही तिला पोचवायला गेलो होतो, आई आणि मी. एक पत्र्याची पेटी, एक गाठोडं. आईने कँटीनमधून तीन चहा आणले. आई सकाळपासून रडत होती आणि रडता रडताच सगळी कामं करत होती.

मुकादमीणबाई म्हणाली, "कवळी घेताना मी पदरात धान नेला होता व. तिथंच चावून पाह्यला. पण सुकलाच नेला. ओला न्याचं सुचलंच नाही."

आई म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी दाणा तोंडात घातलाच नाही."

एवढंच त्यांचं त्या विषयावर बोलणं झालं, दोन हंगामांचं मिळून.

मी सवयीने तिच्या कपाकडे बघत होते. साय धरायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. तिने कप उचलला, बशीत चहा ओतला. वाफ निघत होती. तिने एकच फुंकर मारली आणि बशी तोंडाला लावली. सगळी संपवली. मग दुसरी ओतली. तिचा चेहरा घामाने ओला झाला, आणि दात नसलेल्या तोंडाने ती माझ्याकडे बघून मोकळी हसली.

"गरमच बरा लागते व हा," ती म्हणाली. "कोणी सांगितलंच नाही."

गाडी लागली. आम्ही पेटी वर चढवली. ती खिडकीत बसली आणि गाडी सुटेपर्यंत आईकडे न बघता समोर बघत राहिली. गाडी फाटकाबाहेर वळली. आम्ही परत बाकावर आलो. आईचा कप तसाच भरलेला होता.

मी म्हटलं, "आई, तुझा चहा थंडा होऊन राहिला."

"होऊ दे," आई म्हणाली.